घड्याळमास्तरांची अपात्र पत्रं

“साहेब, हे स्टेशन उद्या सकाळी बंद पडलं, तर लोकांना कळायला किती दिवस लागतील?”

प्रश्न विचारून टिकटिक खाली बसलीच नाही. हात कमरेवर ठेवून, मान ताठ करून तशीच उभी राहिली. मागच्या बाकावर लंबी आणि चष्मिस एकमेकींच्या दंडात नखं रुतवून हसू दाबत होत्या. पैज त्यांचीच होती. विचारलंस तर महिनाभर खिडकीजवळची जागा तुझी, आणि नाही विचारलंस तर जन्मभर ‘भित्री टिकटिक’! दोन महिन्यांपूर्वी वक्तृत्वात पहिली आल्यापासून या पोरीला असा काही आवाज फुटला होता की विचारू नका. आधी हजेरीला ‘हजर’ म्हणताना लाजणारी मुलगी आता बसच्या कंडक्टरशी वाद घालून वर त्याच्याकडून ‘बरोबर आहे तुझं’ म्हणवून घ्यायची.

शाळेचं सभागृह खच्चून भरलं होतं. मंचावर तीन खुर्च्या. डावीकडे मुख्याध्यापिका, मध्ये मुख्य कार्यालयातून आलेले साहेब. उजवीकडे, कोटाची सगळी बटणं लावून, टिकटिकचे बाबा.

गावाबाहेरच्या माळावर तारांनी ताणून धरलेले तीन उंच मनोरे होते. तिथून लघुलहरींच्या रेडिओवर अष्टौप्रहर एकच कार्यक्रम चालायचा. दर सेकंदाला एक ठोका, मिनिट भरलं की एक लांब ठोका, आणि मग एका बाईच्या ध्वनिमुद्रित आवाजात ती वेळ. ना गाणी, ना बातम्या. बाबा तिथले वेळ-अधिकारी. सगळं गाव त्यांना घड्याळमास्तर म्हणायचं, तोंडावर आदराने आणि पाठ वळली की दात काढून. आता फोनातली वेळ आपली आपण बरोबर होते, मग हा आकाशात ठोके मारत बसायचा उद्योग कशाला, असं वर कुणीतरी ठरवत आणलं होतं. साहेब लोकांच्या हरकती ऐकायला आले होते. निदान फलकावर तरी तसं लिहिलं होतं. खरं तर त्यांचा चेहरा, ताटावरून उठून हात धुवायला निघालेल्या माणसाचा होता.

प्रश्न ऐकून सभागृह हसलं. साहेबही हसले, आणि अंग सैल सोडून खुर्चीत मागे टेकले.

“वा! इतका वेळ कुणी मुद्द्याचं बोललंच नव्हतं. बाळ, याचं उत्तर आपण यांनाच विचारू या. काय हो, किती दिवस लागतील?”

बाबा उठून उभे राहिले. मुलीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

“ज्यांना ही वेळ लागते, त्यांना पुढच्याच सेकंदाला कळेल.”

“आणि असे आहेत तरी किती जण?”

दुसरा कुणी असता तर ‘हजारो’ म्हणून मोकळा झाला असता. पण बाबा! घरात कुणी ‘पाच मिनिटांत येते’ म्हटलं तर मोजून सहाव्या मिनिटाला दाराशी उभा राहणारा माणूस तो.

“गेल्या वर्षी अकरा,” बाबा म्हणाले.

मग जो हशा उठला, तो टिकटिकच्या प्रश्नाच्या वाट्याला आलेल्या हशाच्या दसपट होता. कुणीतरी शिट्टी मारली. मागून कुणी ओरडलं, “क्रिकेटची टीम पुरी झाली!” लंबीने टिकटिकला खाली ओढून पाठ थोपटली. टिकटिकलाही हसू आलं होतं, पण ते ओठांवर पोचेपर्यंत आंबून गेलं. बाबा खाली बसले आणि कोटाचं वरचं बटण, जे आधीच लावलेलं होतं, ते पुन्हा लावू लागले.

घरी चहाच्या टेबलावर आई म्हणाली, “बरं झालं विचारलंस. मी सतरा वर्षं विचारीन विचारीन म्हणत होते.”

“हिला तूच फूस लावली असणार,” बाबा भिंतीशी बोलल्यासारखे म्हणाले.

“मला कशाला फूस लावायला हवी? शहरात माझी बहीण आहे, औषधांचं मोठं दुकान आहे, तिथे मला उद्या कामावर घेतील. इथे काय आहे? वारा आणि तुमचे ठोके.”

बाबांनी कप खाली ठेवला. कपाचा आवाज झाला नाही. त्यांचं रागावणंही असं मोजून मापून.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या फलकावर साहेबांच्या अहवालाचा मसुदा लागला. लंबीने तो नाटकी आवाजात वाचून दाखवला: “‘स्टेशनची उपयुक्तता संपुष्टात आल्याची जाणीव स्थानिकांना झालेली असून, खुद्द वेळ-अधिकाऱ्यांच्या कन्येनेही जाहीर सभेत तसा सवाल केला.’ कन्या! टिकटिक, तू कन्या झालीस! सरकारी कागदावर!”

“अगं, इतिहासात गेलीस तू,” चष्मिस म्हणाली. “बाबांची नोकरी गेली तर माझ्या काकांकडे वजनकाट्यावर बसवू त्यांना. तिथेही मोजायचंच असतं.”

“तोंड सांभाळ,” टिकटिक म्हणाली.

“आता का झोंबतंय? काल तर फार मिरवत होतीस!”

झोंबण्याचं कारण असं, की चष्मिसचं म्हणणं खरं होतं. टिकटिकने आपलाच आवाज कुऱ्हाडीला दांडा म्हणून दिला होता, आणि साहेबांनी तो फुकटात घेऊन चक्क धन्यवादही म्हटले नव्हते. मसुद्याखाली एक ओळ होती: हरकती लेखी पुराव्यासह उद्या दुपारी बारापर्यंत. ती ओळ तिने दोनदा वाचली, खिडकीजवळची जागा लंबीच्या तोंडावर परत फेकली आणि शाळा सुटताच सायकल थेट माळाकडे हाणली.

स्टेशनच्या टपालखोलीत टपालबाई पेट्या उपसत बसल्या होत्या. पंचवीस वर्षं स्टेशनला येणारं प्रत्येक पत्र यांच्याच हातून उघडलं गेलेलं. त्यांनी मान वर केली आणि परत खाली घातली.

“आलीस? आणखी काही विचारायचं राहिलंय का?”

“मावशी, मला पुरावा हवाय. त्या अकरा जणांची पत्रं द्या.”

“मला कामं आहेत. ही रद्दी आवरायची आहे. आलीच आहेस तर हात चालव, जीभ काल चालवलीस तेवढी पुरे.”

तिने निमूट पेटी उचलली. पेटीचा तळ जुना होता, त्याने दगा दिला आणि पत्रांचा ढीग तिच्या बुटांवर ओतला गेला. प्रत्येक पत्राच्या कपाळावर जांभळा शिक्का: अपात्र. त्याखाली बाबांची सही, जिच्यातला शेवटचा फराटाही दर वेळी तितकाच लांब.

“अपात्र म्हणजे?”

टपालबाईंनी सुस्कारा टाकला. “आपला रिवाज ठाऊक नाही होय तुला? ज्याने ठोके ऐकले त्याने पत्र लिहायचं. कुठल्या तारखेला, किती वाजता ऐकलं, आवाज कसा होता. आपण त्याला मनोऱ्यांचं चित्र असलेलं कार्ड पाठवतो. वर्षभरात जितकी कार्डं गेली, तितके ऐकणारे. पण पत्रात वेळ जागतिक लिहायची, स्टेशन सांगतं ती, आपल्या घड्याळापेक्षा काही तास मागची. लोक लिहितात आपल्या भिंतीवरच्या घड्याळातली. मग मास्तर मारतात शिक्का.”

“म्हणजे यांनी ऐकलंय?”

“ऐकल्याशिवाय कोण तिकीट लावतो?”

टिकटिक जमिनीवर फतकल मारून बसली आणि वाचू लागली. दरीतला एक घड्याळदुरुस्तीवाला लिहीत होता, की त्याच्याकडे मोबाईलला रेंज येत नाही, तो दर सोमवारी दुकानातली सगळी घड्याळं या ठोक्यांवर लावतो. एका डोंगरावर भूकंपाची नोंद ठेवणारा माणूस होता. उपग्रहाचं यंत्र बिघडलं, तेव्हा त्याने आठ दिवस याच वेळेवर काढले होते. एक मासेमारी बोटीचा तांडेल होता. एका आजोबांची दृष्टी गेलेली. सून त्यांच्या सांगण्यावरून लिहीत होती, की वेळ सांगणारी ती बाई, तेवढंच एक माणूस दुपारभर घरात बोलतं. आणि एका बाईचं तर पत्र नव्हतं, भांडण होतं: ‘हे माझं चौथं पत्र. आधीच्या तिन्हींना उत्तर नाही. तुमच्याकडे माणसं काम करतात की खांब? कार्ड पाठवायचं नसेल तर तसं रेडिओवर सांगा, मी रोज सकाळी ऐकतेच!’

“किती आहेत ही?”

“गेल्या वर्षीची चारशे बारा,” टपालबाई म्हणाल्या. “मी दर वेळी सांगितलं हो, मास्तर, गावाचं नाव लिहिलंय, वजाबाकी करा. माझ्यावरच डोळे वटारायचे.”

चारशे बारा! तिने पत्रांचा एक गठ्ठा छातीशी धरला आणि नियंत्रणखोलीचं दार न ठोठावता उघडलं. आत भिंतभर यंत्रं, कोपऱ्यातल्या स्पीकरमधून सेकंदांचे ठोके, आणि टेबलामागे बाबा.

“बाबा, ही चारशे बारा माणसं काल कुठे होती?”

गठ्ठ्याकडे पाहताच बाबांचा चेहरा घट्ट झाला. “चुकीच्या वेळेत होती.”

“साधी वजाबाकी होती!”

“कुठल्या घड्याळातून? त्याचं घड्याळ पुढे होतं की मागे, हे मी गृहीत धरू? इथे गृहीत धरत नाहीत.”

“अहो, घड्याळ मागेपुढे होतं म्हणूनच तर ते तुमचे ठोके ऐकत होते ना!”

बाबांचा आवाज आणखी खाली गेला, आणि तो खाली गेला की घरातल्या मांजरीही निघून जायच्या.

“वेळेच्या स्टेशनच्या बचावाला चुकीच्या वेळांचा पुरावा द्यायचा? सगळे हसतील.”

“हसलेच की काल. अकरा म्हणालात तेव्हा.”

“अकरा खरे होते.”

“आणि हे खोटे? आठ दिवस तुमच्या भरवशावर राहिलेला माणूस खोटा?”

“चार माणसांत बापाची टोपी उडवणाऱ्यांनी मला खरं-खोटं शिकवायला येऊ नये,” बाबा म्हणाले. त्यांनी उठून दार सताड उघडलं. “बाहेर हो. पत्रं कार्यालयाची आहेत. होती तिथे ठेव.”

ती बाहेर झाली. पण टपालखोलीत टपालबाई तिच्याकडे पाठ करून भिंतीवरचं कॅलेंडर अगदी मन लावून वाचत होत्या.

“ही रद्दी बाहेर जायचीच आहे,” त्या कॅलेंडरला म्हणाल्या. “कुणाच्या सायकलवरून जाते, ते बघायला मला डोळे नाहीत.”

तिने पत्रं एका धड पेटीत भरली, ती सुतळीने कॅरियरला आवळली आणि निघाली. चढावर पेटी घसरली, दोन पत्रं चिखलात पडली, तिने ती स्कर्टला पुसली आणि मनातल्या मनात बाबांना, साहेबांना, लंबीला आणि सुतळी बनवणाऱ्यालाही शिव्या दिल्या. घरी पोचून जेवणाच्या टेबलावर तिने पत्रं गावागावांप्रमाणे लावायला घेतली. ढीग टेबलावर मावेनात तेव्हा खुर्च्यांवर गेले, मग खिडकीत.

आई बाजारातून आली आणि दारातच थबकली. एक पत्र उचलून तिने शिक्का पाहिला, सही पाहिली. आजोबांच्या सुनेचं होतं ते. पूर्ण वाचून तिने ते होतं तिथेच ठेवलं.

“हे तू साहेबांना देणार?”

“हो.”

“डोकं ठिकाणावर आहे? प्रत्येक शिक्क्याखाली यांची सही आहे. साहेब स्टेशन वाचवतील की नाही देव जाणे, पण ऐकणारे लपवले म्हणून यांना मात्र आधी धरतील. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. आणि तसंही, स्टेशन बंद झालं तर माझं काही बिघडत नाही.”

“तुझं नाही बिघडत. त्यांचं बिघडतं.” तिने खिडकीतल्या ढिगाकडे बोट केलं.

“ते कोण लागतात आपले?”

एवढ्यात बाबा आत आले. पायातले बूटही न काढता ते टेबलापाशी आले. ढीग पाहिले. चिखल लागलेलं पत्र पाहिलं. ते उचलून रुमालाने पुसायला लागले, आणि पुसतापुसताच म्हणाले, “चोरी केलीस.”

“रद्दी होती.”

“नियम मी मोडला नाही. एकदाही नाही. कुणीही यावं आणि तपासावं.”

“अहो, तेच तर म्हणते मी तिला,” आई म्हणाली. “तपासतील, आणि तुम्हालाच टांगतील.” सतरा वर्षांत पहिल्यांदा हे दोघं एका बाजूला उभे होते, आणि समोर ती एकटी.

“बांध ते सगळं,” बाबा म्हणाले. “उद्या मी परत नेऊन ठेवतो. उद्यापासून या विषयावर या घरात शब्द नको.”

वक्तृत्वाच्या मंचावर उभं राहणं वेगळं, टिकटिकला वाटलं. तिथे समोरची माणसं आपली नसतात, ते सोपं असतं. तिने हातातलं पत्र त्याच्या गावाच्या ढिगावर नीट ठेवलं आणि सरळ उभी राहिली.

“आई, बाबा, नीट ऐका, मी एकदाच सांगणार आहे. उद्या मी शाळेत जाणार नाही. बाराच्या आत ही सगळी पत्रं साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवणार आहे. हरकतीच्या अर्जावर माझी सही असेल, ती मी आत्ताच केलीय. आणि साहेबांनी विचारलं, ही बाजूला कुणी टाकली, तर मी तुमचं नाव सांगणार आहे, बाबा.”