वरची स्क्रीन, खालची स्क्रीन

पूजेच्या टेबलावरचा दिवा लावायचा म्हणून कुओबाईंनी भिंतीतला प्लग ओढला, आणि रुग्णांच्या दालनातल्या नव्या नोंदणी-यंत्राच्या दोन्ही स्क्रीन एकदम काळ्या झाल्या.

"अय्या, हा याचा होता होय," म्हणत त्यांनी प्लग परत खोचला. इस्पितळाच्या प्रमुख असल्या तरी चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यातल्या भुताखेतांच्या पूजेची मांडामांड त्या स्वतःच करत. स्क्रीन पुन्हा उजळल्या. दोन्हींवर नुसतं इस्पितळाचं बोधचिन्ह.

इस्पितळाचा जुना तंत्रज्ञ लिआओ गुओजन हाताची घडी घालून उभा होता. त्याने सगळं पाहिलं.

रुग्णाने आरोग्य-कार्ड सरकवलं की खालच्या स्क्रीनवर त्याचं नाव, विभाग, वेळ उमटायची. वरच्या मोठ्या स्क्रीनवर सगळ्या दालनासाठी फक्त रांगेचा आकडा. बाकी बोटांनी कितीही चाळे केले तरी यंत्र दुसरं काही उघडू देत नसे. पण अशी अचानक वीज गेली की जी स्क्रीन आधी जागी होईल तिलाच यंत्र खालची समजतं, आणि मोठी नेहमी आधी जागी होते. मग ज्याचं त्याचं दुखणं साऱ्या दालनाला दिसणार. उपाय एवढासाच: प्रत्येक स्क्रीनचा नंबर यंत्रात नोंदवून ठेवायचा. तेवीस वर्षांच्या नोकरीत तो हे शिकला होता. पण हे यंत्र बसवलं होतं पेइरोंगने; तिला का सांगायचं? येऊन दोन वर्षं झाली नाहीत, तर जो तो तिचंच कौतुक करतो. शोधू दे तिचं तिला.

पेइरोंग यंत्राच्या डोक्यावर रिवाजाप्रमाणे, यंत्र गुणाने चालावं म्हणून, मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवत होती.

"तारीख बघितलीस का गं?" कुओबाईंनी विचारलं. "शिळं ठेवलं तर यंत्र रुसेल."

"पुढच्या मार्चपर्यंत आहे, बाई."

"गुणाची आहेस. जिल्ह्याच्या इस्पितळात अशी वीस बसवायचीत. आज हे सुरळीत चाललं तर तुलाच पाठवते."

लिआओच्या पोटात दुखलं, अगदी खरोखर दुखलं. वीस यंत्रं. हा मान त्याचा होता. दालनात पन्नास माणसं बसली होती. पहिलंच कार्ड सरकलं की हिचा सगळा तोरा उतरेल. त्याला बरं वाटलं.

उदबत्त्या लावून झाल्या. "चला, पहिलं कार्ड कोणाचं?" कुओबाईंनी विचारलं.

"लिआओदादांचं," पेइरोंग म्हणाली. "मान त्यांचाच."

तिने त्याला कोपराला धरून पुढे आणलं. त्याने खिशातून कार्ड काढलं आणि हात तिथेच थबकला. आठवड्यापूर्वी बायकोने त्याचं नाव नोंदवलं होतं. स्मृतिविभाग, आज दुपारी तीन. महिन्याभरात तो दोनदा स्कूटर बाजारात विसरून चालत घरी आला होता. इथे कोणालाही त्याने कळू दिलं नव्हतं.

"घाला ना, दादा."

"थांब. मघाशी वीज गेली होती. स्क्रीन उलट्या झाल्या असतील."

"नाही होणार. दोन्हींचे नंबर नोंदवलेत मी."

"तुला कोणी सांगितलं?"

पेइरोंग हसली. "काय दादा, चेष्टा करता गरिबाची. तुम्हीच तर सांगितलंत. गेल्या महिन्यात जेवणाचा डबा बाजूला ठेवून दीड तास बसला होतात माझ्याजवळ. वर म्हणालात, जिल्ह्याला तूच जा, माझ्याच्याने आता होत नाही."

लिआओने तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. त्याने कार्ड सरकवलं. वर आकडा आला: एक. खाली त्याचं नाव, विभाग, वेळ. दालनात टाळ्या पडल्या. पेइरोंगची नजर खालच्या स्क्रीनवर गेली आणि तिचं हसू मावळलं.

"पेइरोंग," तो अगदी हळू म्हणाला, "आणखी काय काय सांगितलंय मी तुला?"