काजाच्या मशीनवरचा पाय

मित्रांनो, मी काजाची जुनी मशीन आहे. शर्टाचं बटण ज्या चिरेतून जातं ते काज. तेवढंच मला येतं. कॉलर नाही, बाही नाही, साधी सरळ शिलाईसुद्धा नाही. पायपट्टी एकदा दाबून सोडायची. माझी सुई काजाभोवती फिरून येते, मधोमध सुरी पडते आणि मी आपोआप थांबते.

मला आणणाऱ्या शिंप्याला दोन मुली. थोरली साध्या मशीनवर बसली. चेन बदल, पडदे दुमड, पिशव्या शिव, पडेल ते करायची. धाकटी माझ्यापुढे बसली. काय तिची काजं! मुंग्यांची रांग चालावी तसे टाके. दूरदूरचे शिंपी शर्टांचे गठ्ठे आणून टाकत आणि तिच्या हातासाठी खोळंबून बसत. मी फुगून जायचे.

मग त्यांच्या आत्याने शाळांचे गणवेश शिवायला घेतले. तिने धाकटीला निरोप धाडला, की सहा महिने ये, अख्खा शर्ट शिकवते, मग माझ्याकडेच राहा. शिंपी म्हणाला, "बयो, असा हात कुणाला नाही. कशाला उगाच दोन दगडांवर पाय?" ती राहिली.

पुढे तयार शर्ट आले, काजांसकट. एकेका शिंप्याचं दुकान मिटलं. शिंपीही गेला, दुकान थोरली पाहू लागली. गठ्ठे थांबले. धाकटी महिनाभर मला नुसती पुसत बसली. शेवटी थोरलीने तिला साध्या मशीनवर बसवून उशांचे अभ्रे दिले. पण तिथे पाय दाबून धरावा लागतो. वीस वर्षं तिच्या पायाला मी एकच शिकवलं होतं, दाब आणि सोड. दोन बोटं शिलाई झाली की पाय उचलला जाई. शिलाई अडखळे, वाकडी होई.

"अगं, अभ्रा आहे तो, त्याला काजं नकोत," थोरली म्हणाली. दोघी हसल्या. आठवड्याने कुणी हसलं नाही.

"ताई, पाय ऐकत नाही गं."

"मग धागे काप. मी तरी काय करू? मला सगळं येतं, पण माझ्या हातासाठी आजवर एक माणूस खोळंबला नाही. रांग तुझ्यासाठी लागायची."

आता धाकटी खाली बसून बहिणीच्या शिलाईचे धागे कापते. माझ्यावर पडद्यांचे तागे रचलेत.

मित्रांनो, मला तेल द्या असं मी म्हणत नाही. एखाद्याच्या हाताचं कौतुक करताना त्याला विचारा, अजून काय शिकायचंय तुला? आणि तो उठू लागला तर उठू द्या. आत्याकडे जायला धाकटीने चपला घातल्या होत्या. तेवढ्यात तीस शर्टांचा गठ्ठा आला आणि बापाने हाक मारली. ती पुन्हा माझ्यापुढे बसली. तीसच्या तीस शर्ट मी न अडता करून दिले. त्या दिवशी तरी मी अडून बसायला हवं होतं.