एक्केचाळीस हजर

त्या दिवशी सव्वाअकराला मी एका दवाखान्यात शिडीवर चढून फोनची वायर ओढत होतो. मेहुणीचा फोन आला. "भाऊजी, ताई गेली." मी विचारलं, "कुठे गेली?" खरंच विचारलं. त्याची अजून लाज वाटते.

दोघी बहिणी चष्म्याच्या काचा करणाऱ्या कंपनीत होत्या. बायको दुकानदारांच्या ऑर्डरी फोनवर घ्यायची. तिथले फोन मीच बसवलेले. काम करता करता तिच्या छातीत कळ आली, तेव्हा मेहुणीनं तिच्याच फोनवरून रुग्णवाहिका बोलावली. ती पोचली छत्तीस मिनिटांनी.

परवा सोमवारी मेहुणी घरी आली ती अर्ज घेऊन. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरविरुद्ध.

"मेला कंपनीच्या जुन्या इमारतीसमोर जाऊन उभा राहिला, भाऊजी. कुलूप दिसलं नाही त्याला? डोळे होते की बटणं? गुरुवारी चौकशी आहे, नोकरीच घालवते त्याची. सही करा."

"तू पत्ता सांगितला होतास ना?"

"कशाला सांगू? तुम्हीच जेवताना दहादा सांगायचात, नुसता नंबर फिरवा, पत्ता आपोआप जातो. मी 'लवकर या' म्हटलं आणि ताईला धरायला धावले."

मी म्हटलं, "ठेवून जा. वाचतो."

काल सकाळी कंपनीत गेलो. जिन्याखालच्या कपाटात गेटवे आहे. गेटवे म्हणजे सगळ्या फोनांचा दरवाजा. कुठला कॉल आत घ्यायचा, कुठला अडवायचा, आणीबाणीच्या कॉलबरोबर कुठला पत्ता पाठवायचा, हे त्यात भरून ठेवावं लागतं. बायकोचा नंबर ४१. त्यापुढे पत्ता होता जुन्या इमारतीचा.

कंपनीनं जागा बदलली तेव्हा सगळ्यांना नवे नंबर दिले होते. ही ऐकेना. "अहो, नवरा टेलिफोनवाला, आणि मी नवा नंबर पाठ करू? दुकानदार मला एक्केचाळीस म्हणूनच ओळखतात." मी जेवणाच्या सुट्टीत तिचा जुना फोन आणून नव्या टेबलावर जोडून दिला. लगेच चालू झाला. गिऱ्हाइकाचं काम असतं तर फॉर्म भरला असता, त्यात पत्त्याचा रकाना असतो. घरचं काम म्हणून भरला नाही. फोन हलवला, पत्ता हलवला नाही.

त्याखाली त्या दिवसाच्या नोंदीच्या आणखी तीन ओळी होत्या. पत्त्यावर कोणी नाही म्हटल्यावर रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षानं ४१ ला उलट तीन कॉल केले होते. तिन्ही गेटवेनं अडवले. फसवणुकीचे कॉल फार यायचे, म्हणून अनोळखी नंबर मीच बंद केले होते. मदतीच्या उलट कॉलला त्यातून सूट द्यायची असते. मला ते माहीत होतं.

प्रत्येक फोन तासातासाला गेटवेला आपली हजेरी देतो. दहा वाजता माझ्यासमोर ओळ उमटली: ४१, हजर, जुनी इमारत. अकराला पुन्हा: ४१, हजर, जुनी इमारत. तिचा फोन इथेच वरच्या मजल्यावर आहे, हे मला ठाऊक होतं. तरी मी उठलो आणि जुन्या इमारतीकडे गेलो.

फाटकाला कुलूप होतं. पहिल्या मजल्यावर तिची खिडकी. मी तिकडे बघत किती वेळ उभा होतो कोण जाणे. आत कोणी हललं तर, म्हणून मला तिथून हलवेना.

रखवालदार म्हणाला, "काय हवंय?"

"पत्ता चुकला."

"इथे सगळेच चुकतात. मागे रुग्णवाहिका आली होती. ड्रायव्हर फाटकावर चढायला लागला. म्हणे आत बाई आहे, उघडा. मी म्हटलं, बाबा, आत मांजरसुद्धा नाही. तरी उघडायला लावलं. प्रत्येक खोलीचं दार ठोठावलं त्यानं, मगच माझ्याकडून कंपनीचा नवा पत्ता घेऊन गेला."

परत येऊन पत्ता बदलला, उलट कॉलला सूट दिली. नियंत्रण कक्षाला आधी कळवून तिच्याच फोनवरून चाचणी केली. तिकडच्या बाईंनी नव्या इमारतीचा पत्ता, मजल्यासकट, बरोबर वाचून दाखवला. "ठेवा, उलटा लावते."

तिच्या टेबलावर फोन वाजला. आजूबाजूच्या माना वर झाल्या. मी उचलला.

"कोण बोलतंय?"

"एक्केचाळीस," मी म्हणालो.

बारा वाजताच्या ओळीत जागा बरोबर आली. आज बुधवार. अर्जावर मी सही केलेली नाही. चौकशी उद्या दहाला आहे. मेहुणीला अजून काही सांगितलेलं नाही.