पथ्याचा पाव

दवाखान्याने सकाळचे पाव परत पाठवले. मिठावर बंदी असलेल्यांनीसुद्धा ते बाजूला सारले होते.

"वहिनी, मीठ टाकायचं विसरलात," दीर म्हणाला.

"विसरले नाही, भावजी. तुम्हीच छापून दिलेल्या चिठ्ठीवर मिठापुढे शून्य होतं. दवाखान्याचा माल, म्हटलं पथ्याचा असेल."

"कॉम्प्युटर चुकत नाही."

"मग बघू या कोण चुकतंय."

तिने हातावरचं पीठ पुसलं आणि त्याच्या खुर्चीत बसली. बेकरीची ही एक्सेल शीट तिनेच बनवली होती. लग्नाआधी ऑफिसात ती हेच काम करायची. पण धाकट्याची नोकरी सुटली, तशी सासूबाईंनी तिला कणकेवर पाठवलं आणि खुर्ची त्याला दिली.

मिठाच्या शून्यावर तिने क्लिक केलं. फॉर्म्युल्याभोवती कुणीतरी इफएरर गुंडाळला होता. काही चुकलं तर गुपचूप शून्य दाखव, एवढाच त्याचा अर्थ. तिने तो काढला. लगेच शून्याच्या जागी व्हॅल्यू एरर आली.

"चांगलं चाललेलं बिघडवलंत," तो म्हणाला.

"बिघडलेलंच होतं. तुम्ही वर पांघरूण घातलं होतं."

एररचा माग काढत ती मिठाच्या प्रमाणापाशी आली. बाकीचे आकडे उजवीकडे टेकलेले, हा एकटा डावीकडे. त्याने आकड्यापुढे 'ग्रॅम' असं टाइप केलं होतं. कॉम्प्युटरच्या लेखी तो आकडा राहिलाच नव्हता, नुसता मजकूर झाला होता. गुणाकार होणार कसला? तिने 'ग्रॅम' खोडलं. मीठ आलं.

"एरर दिसली तेव्हा मला का नाही विचारलंत?"

"तुम्हाला? त्यापेक्षा बेकरी बंद पडलेली परवडली."

दवाखान्याचा फोन लावून तिने रिसीव्हर त्याच्यापुढे धरला. तो गोड आवाजात म्हणाला, "माफ करा हं, आमच्या वहिनींकडून जरा चूक झाली."

तो बोलत असतानाच तिने शीटचा पासवर्ड बदलला.

"घरातलं घरात मिटवा," सासूबाई दारातून म्हणाल्या.

"मिटलं, आई. आता कणकेवर भावजी."

भट्टीपाशी उभा असलेला तिचा नवरा एवढंच म्हणाला, "बरोबर आहे तिचं."

दवाखान्याने नंतर दुसरी बेकरी धरली. दीर आता कणीक मळतो, पण तिच्या हातून चिठ्ठी घेत नाही. ती टेबलावर ठेवते, आणि तिची पाठ वळली की तो उचलतो.