मे महिन्यापर्यंत

मिल बंद झाली त्या हिवाळ्यात गयाबाईंच्या डाव्या स्तनात गाठ होती, आणि ते त्यांना ठाऊक होतं. आंघोळ करताना हाताला लागली, चण्याएवढी. दुखत नव्हती. नवरा आनंदराव बावीस वर्षं विणाईखात्यात होते. आता रोज सकाळी डबा घेऊन ते कामावर गेल्यासारखे निघायचे, बंद फाटकासमोर धरण्याच्या सतरंजीवर बसायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. घरात बोलेनासे झाले होते. अशात आपलं कुठं सांगायचं, म्हणून गयाबाई सात महिने गप्प राहिल्या.

सांगितलं तेव्हा सरकारी अस्पतालात ऑपरेशन झालं आणि स्तन काढला. पट्टी सोडली त्या दिवशी आनंदराव खाटेपाशीच उभे होते. त्यांनी एकदा पाहिलं आणि "पाणी आणतो" म्हणून बाहेर गेले. सुरई भरलेलीच होती. त्यानंतर त्यांनी औषधाची एक वेळ चुकवली नाही, कधी वाकडा शब्द काढला नाही. पण आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. ते पुन्हा आत आलं नाही. मूलबाळ नव्हतंच.

मग सिकाई झाली. रेडिएशनला वॉर्डातल्या बायका सिकाईच म्हणत. छातीची कातडी काळी पडली, डावा हात सुजून जड झाला. गयाबाई अन्नपूर्णेच्या देवळाजवळच्या एका शाळेत आया होत्या. रजा संपल्यावर त्या उजव्या हातानं घंटा देऊ लागल्या, उजव्या हातानं वर्ग झाडू लागल्या. नुसता कापूस वर सरकतो म्हणून त्यांनी ब्लाउजच्या आत पिशवी शिवून तिच्यात बाजरी भरली. आजाराचं नाव मात्र लपवलं नाही. कोणी विचारलं तर सरळ सांगायच्या, "कॅन्सर झाला होता जी, काढून टाकला."

दोन वर्षांनी, जानेवारीत, वसुंधराबाईंनी त्यांना खडू-डस्टर ठेवायच्या खोलीत बोलावलं. वसुंधराबाई चौथीला शिकवायच्या, राहायला सुदामा नगरात. नवरा वारलेला, एकुलती मुलगी शमिका. बाईंनी दाराला आतून कडी लावली.

"गयाबाई, तुम्हाला कसं कळलं होतं?"

गयाबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "दाखवा."

बाईंनी पाठ फिरवली, मग हळूच वळल्या. गाठ सुपारीहून मोठी होती. वरची कातडी आत ओढली गेली होती.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. म्हणजे दिवाळीला लक्ष दिलं मी."

"उद्या चला माझ्यासोबत. जाँच करून घेऊ."

"नाही." बाईंनी त्यांचा सुजलेला हात धरला. "शमिकाचं ठरलंय. राऊ गावची माणसं आहेत, चांगली. आईला असलं निघालं कळलं तर मोडतील. म्हणतील, उद्या मुलीलाही होईल. मे महिन्यात लग्न आहे. तोपर्यंत कुणाला बोलणार नाही, शब्द द्या."

"बाई, हे थांबत नाही."

"तुम्ही सात महिने काढलेत ना? आहात ना माझ्यासमोर उभ्या?"

गयाबाईंनी शब्द दिला.

फेब्रुवारीत, मार्चमध्ये, मधल्या सुट्टीत त्या विचारत राहिल्या, "आता तरी चलायचं का?" बाई म्हणायच्या, "मेपर्यंत हो, मेपर्यंत." एप्रिलमध्ये बाईंना फळ्यावर उंच लिहिता येईना. एकदोनदा गयाबाई सुदामा नगरातल्या त्यांच्या दारापर्यंत गेल्या, शमिकाला सांगून टाकायचं ठरवून. आत लग्नाचे पापड वाळत होते. पोरगी हसत बाहेर आली, "बसा ना, चाय करते," म्हणाली. गयाबाई चहा पिऊन परत आल्या. त्या घरात त्यांचा पेला वेगळा होता.

लग्न व्यवस्थित पार पडलं. चौथ्या दिवशी दोघी अस्पतालात गेल्या. डॉक्टरांनी हाडांचे फोटो काढले, लिव्हर पाहिलं आणि बाईंना बाहेर बसवून गयाबाईंना विचारलं, "पेशंटच्या कोण तुम्ही? इतके दिवस काय केलंत? हाडात उतरलंय."

शमिका राऊहून धावत माहेरी आली. आईच्या खाटेपाशी रडली, मग गयाबाईंना पडवीत घेऊन गेली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"जानेवारीपासून."

"तुम्ही स्वतः भोगलंय हे. तुम्हाला तर समजायला पाहिजे होतं! लग्न मोडलं असतं तर मोडलं असतं. मला विचारलं का कोणी?"

बाईंनी शब्द घेतला होता, असं गयाबाई म्हणू शकल्या असत्या. त्या म्हणाल्या नाहीत. "चुकलं माझं," एवढंच म्हणाल्या.

"उद्यापासून येऊ नका."

दुसऱ्या दिवशी गयाबाई पुन्हा सुदामा नगरात गेल्या. शमिकानं दार उघडलं आणि बाजूला झाली, कारण आई त्यांचंच नाव घेत होती. पुढचे चार महिने असेच गेले. गाठ फुटली होती. वास यायचा, नातलग उंबऱ्यावरूनच विचारपूस करून जायचे. गयाबाई जखम धुवायच्या, कपडे बदलायच्या, पाठीखाली उशी सरकवायच्या. कुठल्या पेल्यातून कोण पाणी पितंय हे आता कुणी बघत नव्हतं. शेवटी शेवटी बाई एकदा म्हणाल्या, "मी तुमच्यावर फार मोठं ओझं टाकलं." गयाबाई म्हणाल्या, "मी घेतलं नसतं तर बरं होतं." सप्टेंबरात, भर दुपारी, बाई गेल्या.

आनंदराव तोवर राऊकडच्या एका नव्या कारखान्यात चौकीदार झाले होते. ऑक्टोबरातल्या एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर गयाबाई महिला मंडळासमोर उभ्या राहिल्या. बोलायची सवय नव्हती, शब्द नीट येईनात. मग त्यांनी पदर बाजूला केला आणि ब्लाउजचे हूक काढले.

"हे बघा. असं दिसतं. कुणाच्या हाताला काही लागत असेल तर लग्नासाठी थांबू नका, परीक्षेसाठी थांबू नका. मी एका बाईला थांबू दिलं. ती मेली."

एका सासूनं सुनेचा हात धरून तिला बाहेर नेलं. आणखी दोघी उठल्या. बाकीच्या खाली बघत बसल्या.

गोष्ट वस्तीभर झाली. आनंदरावांनी घरी विचारलं, "लाज नाही वाटली?"

"वाटली," गयाबाई म्हणाल्या.

ते डबा उचलून ड्यूटीवर निघून गेले.

तीन आठवड्यांनी, बाहेर नेलेली ती सून, पद्मजा, नळावर हळूच म्हणाली, "काकी, मला दाखवायचं होतं." गयाबाईंनी बादली तिथंच ठेवली आणि तिला तशीच, ओल्या साडीनं, अस्पतालात नेलं. पद्मजाची गाठ लहान होती. स्तन गेला, ती राहिली. सासू अजून गयाबाईंच्या नावानं बोटं मोडते.

शमिका अधूनमधून अन्नपूर्णेच्या बाजारात दिसते, कडेवर मुलगी असते. गयाबाईंना पाहिलं की रस्ता ओलांडते. गयाबाई थांबत नाहीत, हाकही मारत नाहीत. तिनं स्वतःची जाँच करून घेतली की नाही, हे विचारायचं त्यांच्या मनात असतं.