तळघरातला चहा

मित्रांनो, मी एक जुने पातेले आहे. मला दांडा नाही. दोन कप चहा आणि वर उतू जाण्यापुरती थोडी जागा, एवढाच माझा जीव. माझ्या धातूला तुम्ही शाळेत ॲल्युमिनियम म्हणता, पण पुण्यात आम्हा भांड्यांना सगळे 'जर्मनची भांडी' म्हणतात. असे नाव का पडले ते मला ठाऊक नाही. माझ्या बाबतीत मात्र ते खरे ठरले, कारण माझे सारे आयुष्य जर्मनीत गेले.

माझा जन्म भवानी पेठेतल्या एका लहान कारखान्यात झाला. एका कारागिराने गोल चकती फिरत्या साच्यावर दाबून मला आकार दिला. सुमेधाबाईंनी मला निवडले ते माझ्या काठावर टिचकी मारून, आवाज ऐकून. २००८ साली त्यांची मुलगी अरुंधती लग्नानंतर चंद्रशेखरबरोबर जर्मनीतल्या बोब्लिंगेन गावी निघाली, तेव्हा त्यांनी मला एका स्वेटरमध्ये गुंडाळून तिच्या बॅगेत ठेवले. तिथेही भांडी मिळतात, असे अरुंधती म्हणाली. सुमेधाबाईंनी ऐकले नाही. त्यांनी माझ्या पोटात सांडशीसुद्धा कोंबली.

चंद्रशेखर मोटारींच्या एका कंपनीत इंजिनियर होता. अरुंधती घरूनच एका सॉफ्टवेअर फर्मचे काम करी. पहिली तीन वर्षे माझी फार सुखाची गेली. सकाळी आले ठेचले जाई, पाणी उकळे, दूध पडे. दोघे खिडकीशी उभे राहून चहा पीत आणि समोरच्या बसस्टॉपवरची माणसे मोजत. दुसऱ्या वर्षी अन्वी जन्मली. मग चहा घाईचा झाला, पण झाला रोज.

२०११ च्या फेब्रुवारीत रुद्र जन्मला. तो अकरा दिवस जगला, तेही सगळे इस्पितळात. या घरात तो कधी आलाच नाही. तरी मित्रांनो, त्यानंतर या घरात सर्वांत जास्त जागा त्यानेच व्यापली.

त्या दिवसांत माझ्यात चहा होत नसे. कुणाला सुचतच नव्हते. खालच्या मजल्यावर फ्राऊ हेगेले नावाच्या एक वयस्क बाई राहत. त्या रोज दुपारी सूपचे भांडे घेऊन येत, अन्वीला भरवत, भांडी घासत आणि काही न विचारता निघून जात. मलाही त्यांनीच घासले. पुढे त्यांच्याबरोबर पांढऱ्या शर्टांतले, छातीवर नावाची काळी पट्टी लावलेले दोन तरुण येऊ लागले. फ्राऊ हेगेले ज्या चर्चच्या होत्या, त्या चर्चच्या लोकांना जग मॉर्मन म्हणते. त्या तरुणांनी सांगितले, की कुटुंब मरणाने तुटत नाही. रुद्र आहे, तो वाट पाहतो आहे, आणि तुम्ही नीट वागलात तर तो तुमचाच मुलगा म्हणून तुम्हाला परत मिळेल.

चंद्रशेखर त्या संध्याकाळी ओट्याला टेकून रडला. मी तिथेच पालथे होते. रुद्र गेल्यानंतर मी त्याला रडताना प्रथमच ऐकले.

शरद ऋतूत दोघांनी बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षांनी फ्रांकफुर्टजवळच्या त्यांच्या मंदिरात सारे कुटुंब एकमेकांशी जोडले गेले. आपल्याकडे सात जन्मांची गाठ असते. ही अनंतकाळाची होती. त्यात रुद्रचेही नाव होते. पुण्याहून सुमेधाबाई फोनवर जावयाला एवढेच म्हणाल्या, की तुम्हा दोघांना त्याने झोप लागत असेल, तर माझे काही म्हणणे नाही.

त्या पंथात चहा चालत नाही. कॉफी, दारू आणि तंबाखूही नाही. मी बटाटे उकडू लागले, अंडी उकडू लागले. त्याचे मला वाईट वाटले नाही; भांड्याने उकळावे, काय ते विचारू नये. पण नव्या स्वयंपाकघरात इंडक्शनची शेगडी आली आणि तिच्यावर माझ्या जातीची भांडी तापतच नाहीत. मग मला एका खोक्यात घालून तळघरात नेले. जर्मनीत प्रत्येक इमारतीला तळघर असते. आमच्या तळघरात कपडे धुण्याची मोठी खोली होती आणि तिच्या फळीवर माझे खोके.

तिथे मी दोन वर्षे अंधारात होते. नळांच्या पाइपांतून वरचे आवाज खाली येत. सोमवारी संध्याकाळी ते सगळे एकत्र बसून प्रार्थना करत, गाणी म्हणत. त्याआधी चार खुर्च्या सरकवल्याचा आवाज येई. चंद्रशेखर, अरुंधती, अन्वी. आणि चौथी? मित्रांनो, ती चौथी खुर्ची सरकली की मला आतून गार वाटत असे. तिच्यावर कुणी बसल्याचा आवाज कधी आला नाही. तरी ती दर सोमवारी सरके.

२०१५ च्या हिवाळ्यात एकदा अरुंधती कपडे घेऊन खाली आली आणि मशीन लावून तशीच उभी राहिली. मग तिने पुण्याला फोन लावला. चर्चमधल्या एका मैत्रिणीने तिचा हात हातात घेऊन मायेने सांगितले होते, की बाई, योग्यतेने जग, म्हणजे बाळ तुला मिळेल. ते ऐकल्यापासून तिला जेवण जात नव्हते.

"अकरा दिवसांच्या बाळाला भेटायला अट, आई?" ती म्हणाली. "मला आता हे पटत नाही. पण शेखरला सांगितलं तर तो मोडून पडेल."

फोनवरून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. फोन ठेवून तिने माझे खोके उघडले. पुढच्या शनिवारी तिने एक विजेची लहान शेगडी आणली. सकाळी चंद्रशेखर अन्वीला पोहायला घेऊन जाई, तेवढ्यात ती खाली चहा करू लागली. एकच कप. तो पिऊन ती मला दोनदा साबणाने घासत असे आणि खिडकी उघडून उभी राहत असे. पुन्हा कामाला लागल्याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तो चहा ती चोरासारखा पीत होती, आणि चोरीत मी सामील होते.

सोमवारी खुर्च्या चारच सरकत राहिल्या. रविवारी ती चर्चला जात राहिली. सव्वा वर्ष असेच गेले.

२०१७ च्या मार्चमधल्या एका शनिवारी पोहण्याचा तलाव बंद निघाला. चहा उकळत होता आणि चंद्रशेखर जिना उतरून दारात येऊन उभा राहिला. त्याच्या हातात एक पत्र होते. त्याने माझ्याकडे पाहिले, आल्याचा वास घेतला, आणि तो पत्राबद्दल बोलू लागला. ते दफनभूमीच्या कार्यालयातून आले होते. तिथल्या नियमाने तान्ह्या बाळाच्या थडग्याची मुदत सहा वर्षांची होती आणि ती संपली होती. मुदत वाढवायची की जागा मोकळी करायची, एवढेच त्यांनी विचारले होते.

"मोकळी करू या," चंद्रशेखर म्हणाला. "तो तिथे नाहीच आहे."

"तो तिथेच आहे, शेखर," अरुंधती म्हणाली. "फक्त तिथेच आहे."

कपडे धुण्याचे मशीन फिरत होते. चंद्रशेखर कपड्यांच्या टोपलीवर बसला. कधीपासून, असे त्याने विचारले. तिने सांगितले. इतके दिवस बोलली का नाहीस, असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, "तू माझ्याकडे कसा बघशील, त्याची भीती होती. आत्ता बघतोयस ना, तसाच."

त्याने मान खाली घातली. तो आपल्याला भेटणार नाही असे तुला वाटते का, असे त्याने फार हळू विचारले.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण तो गेला, एवढं मला म्हणू दे. सहा वर्षांत या घरात कुणी तसं म्हटलंच नाही. मला अजून नीट रडता आलेलं नाही, शेखर. दर सोमवारी त्याची खुर्ची मांडायची आणि हसायचं."

मग चंद्रशेखरने जे सांगितले ते तिलाही ठाऊक नव्हते. अकराव्या दिवशी इस्पितळाचा पहिला फोन त्याला आला होता. तो मीटिंगमध्ये होता. त्याने नंबर पाहिला आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. पाच मिनिटांत संपेल, असे त्याला वाटले. चाळीस मिनिटे लागली. तो पोचला तेव्हा रुद्रच्या अंगावरच्या नळ्या काढून झाल्या होत्या.

"मला त्याला सांगायचंय," तो म्हणाला. "तो भेटणारच नसेल, तर मी सांगू कुणाला?"

अरुंधती त्याच्याशेजारी फरशीवर बसली. दोघेही मला विसरले. चहा आटला, साखर जळली, माझे बूड काळे पडले, वाकले. तळघरात धूर झाला तेव्हा फ्राऊ हेगेले धावत आल्या, शेगडीची वायर ओढून काढली, दोघांकडे पाहिले आणि दार लोटून निघून गेल्या. त्यांनी हे चर्चमध्ये कुणालाही सांगितले नाही. नंतर मला घासूनही त्यांना माझा काळेपणा काढता आला नाही.

पुढचे महिने सोपे नव्हते. वर बोलणे ऐकू येई, मग दारे, मग काहीच नाही. अरुंधतीने चर्चला जाणे थांबवले आणि चंद्रशेखर अन्वीला घेऊन जाऊ लागला. त्या पंथात आठव्या वर्षी मुलांचा बाप्तिस्मा होतो, आणि ऑगस्टमध्ये अन्वी आठ वर्षांची होणार होती. तिला मराठी कळते, पण उत्तर ती जर्मनमध्ये देते. एकदा आईबरोबर कपडे वाळत घालताना तिने विचारले, "मामा, कोम्स्ट डू आउख?" आई, तूही येशील ना? अरुंधतीने बराच वेळ तिचा एक मोजा पिळला. मग ती येईन म्हणाली. ती गेली. पाण्यातून निघालेल्या मुलीला टॉवेलात तिनेच गुंडाळले. फ्राऊ हेगेलेंनी मागाहून तळघरात येऊन मला हे सांगितले. हो, त्या भांड्यांशी बोलतात.

त्याच आठवड्यात चंद्रशेखर ड्रिल घेऊन खाली आला. मला वाटले, आपले आयुष्य संपले. त्याने माझ्या काळ्या बुडाला तीन भोके पाडली. इंजिनियरच तो, मोजून पाडली. मग माती भरली, झेंडूची रोपे लावली आणि मला सायकलच्या टोपलीत ठेवले.

मित्रांनो, आता मी रुद्रजवळ असते. मुदत वाढवून मिळाली आहे. तो अर्ज चंद्रशेखरने कुणाला न सांगता भरला होता. इथे सभोवती लहान लहान थडगी आहेत, भिरभिरी आहेत, पावसात भिजलेली कापडी खेळणी आहेत. वारा नसतानाही एखादे भिरभिरे फिरते. पूर्वी मी अशा गोष्टींना घाबरत असे.

चंद्रशेखर रविवारी चर्चमधून परस्पर इथे येतो, टाय सैल करतो, वाळकी फुले खुडतो. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "रुद्र, फोन आला होता. मी उचलला नाही." त्यानंतर तो थांबला. अजूनही दर वेळी थोडे थांबतो. तो उत्तराची वाट पाहतो, आणि इथे ऐकणारे मीच असते. मला त्याच्याशी बोलता येत नाही, याचे दुःख मला कधी इतके झाले नव्हते.

तेव्हा तुम्हाला एकच विनंती करते. मला घासू नका, पुसू नका, त्याची मला आता गरज नाही. तुमच्या घरात कुणी एकटेच खाली जाऊन उभे राहत असेल, तर त्याच्यामागे एकदा जा. काय करतोस म्हणून दरडावू नका. त्याला जे खरे वाटते ते तुम्हाला पटणारे नसले, तरी त्याचे बोलणे पुरे होऊ द्या.

अरुंधतीही येते, रविवारीच. रुद्र कुठूनही ऐकत नाही, असे तिला आजही वाटते. तो ऐकतो, असे चंद्रशेखरला वाटते. यावर त्यांचे एकमत झालेले नाही, बहुधा होणारही नाही. ती फाटकापाशी सायकल धरून उभी राहते. तो बोलत असेपर्यंत आत येत नाही. हाकही मारत नाही.