बर्फाची वाट पाहणारा टायर

मित्रांनो, मधल्या सुट्टीत तुम्ही ज्याच्या पाठीवर पाय देऊन पलीकडे उडी मारता, तो मी एक जुना टायर आहे. दुबईच्या ऊद मेथा भागातल्या तुमच्या शाळेच्या मैदानात मी अर्धा वाळूत पुरलेला आहे. वर दिसतो तेवढ्या भागाला कुणीतरी पिवळा रंग फासला आहे. माझ्या शेजारी असेच आणखी सहा टायर आहेत. ते सगळे इथलेच, ट्रकचे आणि बसचे, उन्हाला सरावलेले. मी त्यांच्यातला नाही. हे मी गर्वाने सांगत नाही. बरं, थोडं गर्वाने सांगतो.

माझी ओळख वाळूखाली आहे. तिथे माझ्या कुशीवर एक छोटं चित्र उमटवलेलं आहे. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात सहा टोकांची चांदणी. ती चांदणी म्हणजे बर्फाचा कण. हे चित्र ज्याच्या अंगावर असतं, तो टायर बर्फावर चालण्यासाठी घडवलेला असतो. मी बर्फाचा टायर आहे, मित्रांनो, आणि माझं सगळं आयुष्य वाळवंटात गेलं.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका थंड देशात झाला. साधा टायर कडाक्याच्या थंडीत टणक होतो आणि बर्फावर घसरतो. म्हणून माझं रबर मुद्दाम मऊ ठेवलं होतं. माझ्या अंगावर शेकडो बारीक चिरा पाडल्या होत्या. बर्फावरून जाताना या चिरा उघडतात, बर्फ चिमटीत धरतात आणि गाडीला सावरतात. पण माझा जन्म पडला उन्हाळ्यातला. कारखान्याच्या आवारात तेव्हा गवत वाढलं होतं. बर्फ मी फक्त ऐकून होतो. हिवाळा आला की आपली गाठ पडणारच, अशी माझी खात्री होती.

आम्ही चौघं भावंडं. आमचं माप सोळा इंची, म्हणजे सोळा इंचांच्या चाकावर बसणारे. नेमकी त्याच वर्षी सतरा-अठरा इंचांच्या मोठ्या चाकांची टूम निघाली आणि सोळा इंचांना कुणी विचारेना. दुकानदाराने उरलेला माल एका व्यापाऱ्याला देऊन टाकला. आम्ही एका कंटेनरमध्ये चढलो. किती दिवस अंधारात गेलो ठाऊक नाही. दार उघडलं तेव्हा भट्टीचं तोंड उघडावं तशी हवा आत आली. आम्ही शारजाला पोचलो होतो.

तिथे मोहिद्दीनभाईंच्या दुकानात आम्ही मागच्या मांडणीवर पडून राहिलो. येणारेजाणारे आमच्या चिरांवरून बोट फिरवायचे, हसायचे आणि पुढे जायचे. आंधळ्याच्या हाती आरसा, असं मी मनात म्हणायचो. पण खरं सांगू का, चूक त्यांची नव्हती. त्या गावात माझं कामच नव्हतं.

मग दोन हजार सालच्या नोव्हेंबरात आत्माराम आले. त्यांचा लोणची-मसाल्यांचा धंदा होता आणि जबल अलीला गोदाम होतं. नुकतीच त्यांनी एक जुनी पांढरी जीप घेतली होती, सगळं कुटुंब मावेल अशी. चारही टायर झिजलेले होते. ते बदलायला सगळं कुटुंबच दुकानात आलं होतं: पत्नी संध्या, चौदा वर्षांचा यतीन आणि आठ वर्षांची पर्णिका.

यतीन आल्या आल्या चकचकीत चाकांपाशी जाऊन उभा राहिला. "बाबा, एटीन इंच, प्लीज! एव्हरीबडी हॅज देम."

"एव्हरीबडीच्या बाबांना वाळूत जायचं नसतं," आत्माराम म्हणाले. "चाक मोठं केलं की टायरची उंची कमी होते. वाळूत हवा काढायची तर टायरला अंग नको का? आपल्याला सोळाच बरं."

"आणि मागे बसणाऱ्याच्या पोटातलं पाणी हलणार नाही असं बघा," संध्याबाई म्हणाल्या. "हत्ताच्या डोंगरातून येताना गेल्या वेळी माझं कंबरडं मोडलं होतं."

आत्मारामांचं बोलणं अगदी बरोबर होतं. मापाची निवड त्यांनी शहाण्यासारखी केली. चुकले ते पुढे. मागच्या मांडणीवर त्यांना मी दिसलो. त्यांनी माझ्या कुशीवरचं चित्र पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अगं, हे बघ. डोंगर काढलाय, वर फूलही आहे. डोंगरातलाच टायर दिसतोय. मोहिद्दीनभाई, ये कहां का माल है?"

"सर, बाहर का है. एकदम ओरिजिनल. लेकिन ये विंटर टायर है, ठंडे मुल्क का."

"तो विंटर तो आ गया ना, भाई! हमारा घूमना सब विंटर में ही होता है."

मित्रांनो, यात हसण्यासारखं काही नाही. इथल्या माणसाचा हिवाळा म्हणजे वाळूत तंबू ठोकायचे आणि डोंगरातल्या वाद्यांमध्ये, म्हणजे कोरड्या ओढ्यांच्या पात्रांत, जेवणाचे डबे उघडायचे दिवस. त्या हिवाळ्याचा टायर असतो, असं त्यांना वाटलं. त्यातून माल बाहेरचा, म्हणजे चांगलाच असणार. मोहिद्दीनभाई घुटमळले, पण गिऱ्हाईक सोडवेना. गाडीवर चढवताना मात्र त्यांनी आत्मारामांचा हात धरून सांगितलं, "सर, मार्च तक चलाओ. मार्च के बाद निकाल देना. गर्मी में ये नहीं टिकेगा. भूलना मत."

"इन्शाल्ला," आत्माराम म्हणाले.

घरी पोचल्यावर संध्याबाईंनी आम्हा चौघांना हळदकुंकू लावलं आणि प्रत्येकाखाली एकेक लिंबू ठेवलं. गाडी पुढे गेली, लिंबं फुटली. त्या आंबट रसाचा गारवा माझ्या चिरांमध्ये शिरला तेव्हा मला वाटलं, बर्फ असाच असेल का?

तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सुखाचा काळ. दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही बाहेर पडायचो. वाळूशी आलो की आत्माराम आमची हवा कमी करायचे आणि आम्ही पसरट होऊन टेकड्या चढायचो. मऊ अंगाचा तेव्हा उपयोगच झाला. "काय टायर निवडलाय!" असं आत्माराम स्वतःलाच शाबासकी द्यायचे. मीही फुगून जायचो.

अशाच एका शुक्रवारी पर्णिका माझ्याजवळ येऊन बसली. मोठी माणसं जेवणानंतर आडवी झाली होती. तिने माझ्या कुशीवरची धूळ फ्रॉकने पुसली, चित्रावरून बोट फिरवलं आणि ओरडली, "बाबा! धिस इज नॉट अ फ्लॉवर. इट्स अ स्नोफ्लेक! इट्स इन माय सायन्स बुक!"

"असेल, असेल," बाबा डोळे न उघडता म्हणाले.

मग ती माझ्या कानाशी आल्यासारखी हळूच बोलली. माझ्याशी ती मराठीत बोलायची, का ते मला कधी कळलं नाही. "तू बर्फाचा आहेस? मी पण बर्फ नाही पाहिला. आपण दोघं जाऊ हं. प्रॉमिस."

त्या दिवसापासून मी एकटा वाट पाहत नव्हतो. तुम्हाला सांगतो, वाट पाहणारं आणखी कुणी सोबत असलं की ओढ कमी होत नाही, उलट वाढते.

मार्च आला. संध्याबाईंनी आठवण केली, "अहो, टायर बदलायचे होते ना?"

"पुढच्या शुक्रवारी."

एप्रिल आला. लोणच्याच्या कैऱ्यांचा माल उतरत होता, आत्मारामांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. "पुढच्या शुक्रवारी, नक्की." मेमध्ये संध्याबाईंनी विचारलं तर ते म्हणाले, "चालताहेत ना अजून? मग?" चालत तर होतो. पण कसे, ते आम्हालाच ठाऊक. तापलेल्या डांबरावर माझं मऊ अंग खोडरबरासारखं झिजत होतं. वळणावर आम्ही किंचाळायचो. आत लोक गाण्यांचा आवाज वाढवायचे.

जून महिन्यात अबुधाबीला संध्याबाईंची बहीण स्मिता बाळंत झाली. मेथीचे लाडू घेऊन सगळे निघाले. भर दुपार होती, रस्ता सरळ, आणि जीप वेगात. माझ्या अंगाची आग होत होती. मागच्या डाव्या बाजूच्या भावाने दोनदा धाडधाड आवाज केला. आत्माराम म्हणाले, "रस्ता खराब आहे." रस्ता आरशासारखा होता.

मग तो फाटला. त्याची अख्खी साल उचकटून उडाली आणि जीप वेडीवाकडी नाचायला लागली. मी पुढे उजवीकडे होतो. मित्रांनो, त्या वेळी मी बर्फ विसरलो, स्वतःला विसरलो. मागे पर्णिका आहे, एवढंच मला ठाऊक होतं. उरलेल्या सगळ्या चिरांनी मी ती जमीन धरली. आत्मारामांनीही ब्रेक न दाबता हात घट्ट ठेवले. जीप रस्ता सोडून वाळूत शिरली आणि थांबली.

पर्णिकाचं कपाळ खिडकीवर आपटलं होतं. भुवईतून रक्त येत होतं. दवाखान्यात नंतर तीन टाके पडले. बाकी सगळे सुखरूप होते. लाडवांचा मात्र भुगा झाला. आत्माराम खाली उतरले, फाटलेल्या भावाला हात लावला आणि चटका बसून हात मागे घेतला. मग ते तिथेच वाळूत बसले.

"तीन महिने सांगतेय," संध्याबाई रडत म्हणाल्या.

"चूक टायरची नाही," आत्माराम म्हणाले. "मार्चनंतर काढा, असं मोहिद्दीनभाईंनी सांगितलं होतं. चूक माझी आहे." पुढे बराच वेळ ते पर्णिकाचा हात हातात धरून बसले.

मोहिद्दीनभाईंनी आम्हाला उतरवलं. ते एवढंच म्हणाले, "मैंने बोला था, सर," आणि आत्मारामांनी मान खाली घातली. या वेळी त्यांनी उन्हाला टिकणारे टायर घेतले. यतीनने पुन्हा अठरा इंचांचा विषय काढला नाही. त्या दिवसापासून आत्माराम दर महिन्याच्या एक तारखेला बिल्डिंगखाली उकिडवे बसून चारही टायरची हवा आणि झीज तपासू लागले. शेजारी हसायचे, यतीन लाजून चूर व्हायचा, पण त्यांनी तो नेम मोडला नाही.

माझी तिन्ही भावंडं भंगारात गेली. मीही जाणार होतो. पण कपाळाला पट्टी बांधलेली पर्णिका मला मिठी मारून बसली. "खलास झालाय तो, बाळा," आत्माराम समजावत होते. ती हलेना. शेवटी मला जबल अलीच्या गोदामात ठेवलं.

"लोणच्याच्या गोदामात टायर!" संध्याबाई म्हणाल्या. "आता मोहरी लावा त्याला."

तिथे साडेतीन वर्षं गेली. भिंतीला टेकून, मिरचीच्या पोत्यांमागे. पहिल्या वर्षी पर्णिका सुट्टीत यायची आणि चित्रावरची धूळ पुसायची. मग तिची शाळा वाढली, क्लास लागले, आणि ती येईनाशी झाली. मी रागावलो नाही असं नाही. रागावलो. पण दार वाजलं की पहिला विचार तिचाच यायचा.

मग दोन हजार चार सालचा डिसेंबर संपत आला होता. एके दिवशी सकाळी दार धाडकन उघडलं. पर्णिका धावत आत आली. बारा वर्षांची झाली होती, भुवईत व्रण तसाच होता. "बाबा, कुठेय तो? लवकर! यल्ला!"

इथल्याच रास अल खैमाच्या डोंगरावर बर्फ पडला होता. पेपरात फोटो आला होता. आत्मारामांनी मला उचलून जीपमध्ये मागे ठेवलं. संध्याबाई हसून म्हणाल्या, "टायरला सहलीला नेणारं आपलंच घर!" आत्माराम म्हणाले, "त्याचं देणं लागतो मी."

आम्ही डोंगराखाली पोचलो तेव्हा दुपार झाली होती. वर जायला धड रस्ता नव्हता. शिखरावर पांढरी रेघ दिसत होती, खडूने ओढल्यासारखी, आणि पाहता पाहता ती बारीक होत होती. पर्णिकाने मला जीपच्या मागच्या दारात उभं करून ठेवलं होतं. एवढ्या वर्षांची वाट आणि शेवटी अर्धा डोंगर मध्ये.

तेवढ्यात वरून एक पिकअप खडखडत उतरला. डोंगरात राहणारे एक म्हातारे अरब गृहस्थ तो चालवत होते. त्यांनी रडवेल्या पर्णिकाला पाहिलं, गाडी थांबवली आणि मागची मासे ठेवायची थर्मोकोलची पेटी उघडली. नातवंडांसाठी त्यांनी थोडा बर्फ भरून घेतला होता. त्यांनी ओंजळभर बर्फ काढून तिच्या हातांवर ठेवला. "यल्ला, बिंती, पोरी, लवकर," असं काहीसं ते हसत म्हणाले.

पर्णिकाच्या बोटांतून पाणी ठिबकायला लागलं. तिने आयुष्यात पहिल्यांदा बर्फ हातात धरला होता, आणि तो संपत चालला होता. ती धावत माझ्याकडे आली. आधी स्वतःच्या गालाला लावील असं मला वाटलं. तिने तो सगळाच्या सगळा माझ्या चिरांवर, त्या चित्राच्या बरोबर वर, दाबून धरला.

माझ्या चिरांनी त्याला धरलं, मित्रांनो. कुणी शिकवलं नव्हतं, तरी धरलं. मिनिटभरच. मग त्याचं पाणी झालं.

पुढच्या वर्षी तुमच्या शाळेने मैदानासाठी जुने टायर मागितले. पर्णिका तेव्हा इथेच शिकत होती. ती स्वतः मला घेऊन आली.

आता तुमच्याकडे एकच मागणं आहे. आज घरी गेल्यावर बाबांना हाताला धरून गाडीपाशी न्या आणि टायर दाखवायला सांगा. ते "पुढच्या शुक्रवारी" म्हणाले, तर त्यांना माझी गोष्ट सांगा. आम्हाला बोलता येत नाही, आम्ही फक्त झिजून सांगतो. आणि जो ज्या हवेसाठी घडला आहे त्याला निदान ओळखा. त्याला त्याच्या गावी नेणं जमलं नाही तरी चालेल.

मला पुरायला मोहिद्दीनभाईंचाच माणूस आला होता. तो चांगली बाजू म्हणून चित्राची बाजू वर ठेवणार होता. पर्णिकाने त्याला थांबवलं. भर उन्हात ती गुडघ्यांवर बसली, तिने वाळूत कोपरापर्यंत हात घातला, आणि म्हणाली, "नहीं भैया, ये वाला नीचे. नीचे ठंडा है."